पहिला टॅरो संच निवडताना आकड्यांच्या पानांकडे आधी पाहावे

टॅरो, म्हणजे चित्रांची पाने मांडून त्यांतून अर्थ वाचण्याची पद्धत, शिकायचे ठरवल्यानंतर बहुतेक जण पहिला संच पेटीवरचे चित्र पाहून घेतात. पेटीवर ‘द मून’ किंवा ‘द हाय प्रीस्टेस’ यांसारखे एखादे भारदस्त पान छापलेले असते, पानांच्या कडा सोनेरी असतात, आणि हे सारे इतके देखणे दिसते की आतली उरलेली पाने कशी असतील हा प्रश्न त्या क्षणी सुचतच नाही. मीही तसेच केले होते. घरी येऊन पहिल्यांदा तीन पाने मांडली तेव्हा एका पानावर पाच पेले, दुसऱ्यावर सात तलवारी आणि तिसऱ्यावर दोन नाणी, नुसती रचून ठेवलेली. त्यांच्याकडे पाहून मनात काहीच उमटेना, प्रत्येक वेळी पुस्तिका उघडावी लागे, आणि दोन महिन्यांत तो संच कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन पडला. पुढे इतर नवशिक्यांना संच निवडायला मदत करताना माझे एक मत पक्के होत गेले, ते असे की पहिला संच त्यातल्या छोट्या, आकड्यांच्या पानांवरून निवडावा. मोठी पाने बहुतेक संचांत चांगलीच असतात, कारण चित्रकाराने सगळी मेहनत तिथेच घेतलेली असते.

हे नीट समजण्यासाठी आपल्या घरातला पत्त्यांचा कॅट डोळ्यांसमोर आणावा. कॅटमध्ये बावन्न पत्ते असतात आणि बदाम, इस्पिक, किलवर व चौकट या प्रत्येक प्रकारात एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने आणि गुलाम, राणी, राजा असे तेरा पत्ते येतात. टॅरोच्या संचात ७८ पाने असतात. त्यांपैकी ५६ पानांना मायनर अर्काना म्हणतात आणि त्यांची रचना कॅटसारखीच असते. कप्स (पेले) म्हणजे बदाम, स्वोर्ड्स (तलवारी) म्हणजे इस्पिक, वाँड्स (काठ्या) म्हणजे किलवर आणि पेंटॅकल्स (नाणी) म्हणजे चौकट अशी जुळणी सर्रास केली जाते. फरक इतकाच की गुलामाच्या जागी पेज आणि नाइट अशी दोन पाने असल्यामुळे प्रत्येक प्रकार चौदा पानांचा होतो. उरलेली २२ मोठी पाने म्हणजे मेजर अर्काना, शून्य क्रमांकाच्या ‘द फूल’पासून एकविसाव्या ‘द वर्ल्ड’पर्यंत. आता मायनर अर्कानातले एक्के आणि दरबारी पाने (पेज, नाइट, राणी, राजा) बाजूला ठेवली, तर दुर्रीपासून दश्शीपर्यंतची ३६ पाने उरतात. ७८ पानांपैकी ३६ म्हणजे निम्म्याच्या जवळपास. रोज सकाळी तीन पाने मांडणाऱ्या माणसासमोर त्यांपैकी सरासरी एखाद-दुसरे पान येणारच, आणि ते मुके असेल तर शिकणाऱ्याचा उत्साह फार दिवस टिकत नाही.

ही पाने काही संचांत मुकी का असतात, याचे उत्तर टॅरोच्या इतिहासात आहे. टॅरो भविष्य पाहण्यासाठी जन्माला आलेला नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो पत्त्यांचा खेळ म्हणून तयार झाला. मेंढीकोट खेळताना आपण हुकमाने हात मारतो, तसे मेजर अर्कानातली पाने ही त्या खेळातली हुकमाची पाने होती. त्यांत ‘द फूल’चे स्थान तेवढे वेगळे होते. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा या राजघराण्यांसाठी हाताने रंगवलेली त्या काळातली पाने आजही न्यूयॉर्क आणि बेर्गामो येथील संग्रहालयांत पाहायला मिळतात. खेळात आकड्याच्या पानावर फक्त आकडा कळला की पुरते, म्हणून तिथे पाच पेले किंवा सात तलवारी एवढेच काढलेले असे. मराठी माणसाला ही गोष्ट अपरिचित वाटू नये. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा प्रकार आणि १२० गोल पाने असतात. राजा आणि प्रधान यांची पाने तपशिलाने रंगवलेली असतात आणि एक ते दहा या पानांवर त्या त्या अवताराचे चिन्ह तितक्या वेळा काढलेले असते. रंगवणाऱ्याचे कौशल्य दोन्हीकडे सारखेच, आणि आकड्यांच्या पानांचे काम दोन्हीकडे मोजण्यापुरतेच.

या पानांना गूढ अर्थ चिकटले ते बरेच नंतर. १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेबलें या फ्रेंच लेखकाने टॅरोमध्ये प्राचीन इजिप्तचे ज्ञान दडलेले आहे असे लिहिले. त्याला पुरावा नव्हता, पण कल्पना रुजली, आणि आजही काही विक्रेते ती खरी म्हणून सांगतात. शिकणाऱ्याच्या दृष्टीने खरा बदल १९०९ मध्ये झाला. त्या वर्षी लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनसंस्थेने गूढविद्येचे अभ्यासक आर्थर एडवर्ड वेट यांच्या योजनेनुसार पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला संच बाजारात आणला. आकड्यांच्या प्रत्येक पानावर स्मिथ यांनी माणसे, घरे, नद्या, हवामान असा एकेक प्रसंग उभा केला. पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या सोला-बुस्का या इटालियन संचात असा प्रयत्न झालेला होता, त्याची छायाचित्रे १९०७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये होती, आणि स्मिथ यांच्या काही पानांचे त्यांच्याशी असलेले साम्य उघड दिसते. तरीही पुढच्या शतकभराची टॅरोची चित्रभाषा घडवली ती स्मिथ यांच्याच पानांनी. काम मोठे आणि पैसे फार थोडे, असे त्यांनी स्वतः एका पत्रात लिहून ठेवले आहे. संचाला मात्र अनेक दशके प्रकाशक आणि वेट यांच्याच नावाने ‘रायडर-वेट’ म्हटले गेले. आता ‘रायडर-वेट-स्मिथ’ हे नाव रूढ होत आहे आणि आपणही तेच वापरावे, असे मला मनापासून वाटते.

आता प्रत्यक्ष परीक्षा कशी घ्यायची ते सांगते. विचाराधीन संचातली पाच पाने शोधावीत: कप्सची पंजी, स्वोर्ड्सची छक्की, स्वोर्ड्सची अठ्ठी, पेंटॅकल्सची अठ्ठी आणि वाँड्सची दश्शी. पानाचे नाव बोटाने झाकावे, पुस्तिका बंद ठेवावी आणि चित्रात काय चालले आहे ते एका मराठी वाक्यात मोठ्याने सांगावे. अर्थ सांगायचा नाही, फक्त दिसते ते सांगायचे. स्मिथ यांच्या संचात कप्सच्या पंजीवर काळा झगा पांघरलेली व्यक्ती सांडलेल्या तीन पेल्यांकडे मान खाली घालून पाहत असते आणि तिच्या पाठीमागे दोन पेले शाबूत उभे असतात. स्वोर्ड्सच्या छक्कीवर नावाडी एक स्त्री आणि एक मूल यांना पलीकडच्या तीरावर नेत असतो, नि सहा तलवारी नावेतच रोवलेल्या असतात. स्वोर्ड्सच्या अठ्ठीवरच्या स्त्रीचे डोळे आणि हात बांधलेले असतात, पण तिचे पाय मोकळे असतात आणि तलवारींचे कुंपण पुरते बंद नसते. पेंटॅकल्सच्या अठ्ठीवरचा कारागीर तांबट आळीतल्या कारागिरासारखा बाकावर बसून एकामागून एक चकती ठोकत असतो. वाँड्सच्या दश्शीवरचा माणूस मार्केट यार्डातल्या हमालासारखा ओझ्याखाली वाकलेला असतो आणि त्या ओझ्यामुळेच त्याला पुढचे गाव धड दिसत नाही.

पाचपैकी निदान चार पानांवर वाक्य सहज सुचले, तर तो संच आपल्याशी बोलतो असे समजावे. वाक्य सुचण्यासाठी अडखळावे लागले, तर चित्रे कितीही सुंदर असली तरी तो संच पहिला म्हणून घेऊ नये. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या भाचीने दोन संच माझ्याकडे आणले होते आणि कोणता ठेवू असे विचारत होती. मी कोणतेही मत न देता दोन्ही संचांतली कप्सची पंजी तिच्यासमोर ठेवली. “मावशी, हिला मागचे दोन पेले दिसतच नाहीयेत,” ती पहिल्या पानाबद्दल लगेच म्हणाली. दुसऱ्या पानावर जांभळ्या आकाशात तरंगणारे पाच सुरेख पेले होते. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “इथे पाच पेले आहेत.” निवड तिची तिनेच केली.

बाजारात दिसणाऱ्या संचांची तीन मोठी घराणी आहेत आणि आपण कोणत्या घराण्यातला संच घेत आहोत हे माहीत असणे आवश्यक आहे. पहिले घराणे मार्सेय टॅरोचे. फ्रान्समध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत स्थिरावलेल्या या पद्धतीत आकड्यांची पाने जुन्या खेळासारखीच असतात. ती वाचण्याची स्वतंत्र आणि मोठी परंपरा आहे, पण ती आकडा आणि प्रकार यांच्या अभ्यासावर उभी असल्यामुळे सुरुवातीलाच पाठांतराचा भार पडतो. दुसरे घराणे रायडर-वेट-स्मिथचे. तिसरा थॉथ टॅरो, जो गूढविद्येवर लिहिणारे अॅलिस्टर क्राउली यांच्या मार्गदर्शनाखाली लेडी फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात रंगवला. त्याची चित्रे विलक्षण आहेत, मात्र ती ज्योतिष आणि कबाला (यहुदी गूढपरंपरा) यांच्या संकेतांनी इतकी भरलेली आहेत की त्या विषयांची ओळख नसलेल्याला पान उलगडत नाही. तिथे राजा-राणी-नाइट-पेज यांच्याऐवजी नाइट, क्वीन, प्रिन्स आणि प्रिन्सेस अशी दरबारी पाने असतात, आणि नवशिक्याचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिल्या संचासाठी माझी शिफारस निःसंदिग्धपणे दुसऱ्या घराण्याची आहे. त्यात आणखी एक सोय अशी की शिकण्यासाठी उपलब्ध असलेली बहुतांश पुस्तके, वर्ग आणि चित्रफिती याच चित्रांना धरून बोलतात.

पुस्तक आणि संच एकाच घराण्यातले असावेत, हे क्रमांकांच्या एका फरकामुळेही महत्त्वाचे ठरते. मार्सेय पद्धतीत ‘जस्टिस’ आठव्या आणि ‘स्ट्रेंग्थ’ अकराव्या क्रमांकावर असते. वेट यांनी ही अदलाबदल केली, त्यामुळे त्यांच्या संचात ‘स्ट्रेंग्थ’ आठवे आणि ‘जस्टिस’ अकरावे आहे. पुस्तक एका परंपरेचे आणि संच दुसऱ्या परंपरेचा असेल, तर शिकणारा आपलेच काही चुकते आहे असे समजून हैराण होतो.

रायडर-वेट-स्मिथ म्हटले तरी ती एकच वस्तू नाही. पामेला कोलमन स्मिथ १९५१ मध्ये निवर्तल्या, आपल्याकडे लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, आणि आता मूळ चित्रे कोणीही कायदेशीरपणे छापू शकतो. त्यामुळे तीच रेखाटने निरनिराळ्या रंगांत मिळतात. अमेरिकेच्या यू. एस. गेम्स सिस्टिम्स या प्रकाशनसंस्थेच्या नेहमीच्या आवृत्तीत पिवळा, निळा, लाल असे ठळक सपाट रंग आहेत, तर स्मिथ यांच्या स्मरणार्थ काढलेल्या शताब्दी आवृत्तीत जुन्या छपाईसारखे मवाळ रंग आहेत. ‘युनिव्हर्सल वेट’ या आवृत्तीत रंगांना छटा दिलेल्या असल्यामुळे चेहरे अधिक मऊ दिसतात. ठळक रंग काहींना भडक वाटतात. मला स्वतःला शिकताना त्यांचाच उपयोग झाला, कारण दुरूनही पान ओळखू येते आणि आकाश पिवळे आहे की राखाडी हे चटकन टिपता येते. हा केवळ आवडीचा प्रश्न आहे, मात्र रेखाटन तेच आहे ना याची खात्री करून घ्यावी.

देवदेवता, मांजरी, वनस्पती किंवा एखाद्या चित्रपटावर बेतलेले संच आकर्षक असतात आणि त्यांपैकी काही खरोखर विचारपूर्वक केलेले असतात. त्यांनाही वर सांगितलेली पाच पानांचीच परीक्षा लावावी. ‘ऑरॅकल कार्ड्स’ किंवा ‘एंजल कार्ड्स’ या नावाने विकली जाणारी पाने मात्र टॅरो नव्हेत. त्यांत पानांची संख्या आणि रचना प्रत्येक निर्मात्याची वेगळी असते आणि एकाचे शिकलेले दुसऱ्याला लागू पडत नाही. ३६ पानांचा लेनॉर्मां संच ही आणखी निराळी पद्धत आहे. पेटीवर ७८ हा आकडा आणि आत चार प्रकार असल्याची खात्री करावी, एवढी खूण पुरेशी आहे.

चित्रांचा निर्णय झाल्यावर हाताचा विचार करावा. टॅरोची नेहमीची पाने साधारण ७० गुणिले १२० मिलिमीटर असतात, म्हणजे आपल्या कॅटमधल्या पत्त्यापेक्षा चांगलीच मोठी, आणि जाड कागदावरची ७८ पाने एकावर एक ठेवली की अडीच-तीन सेंटीमीटरांचा गठ्ठा होतो. लहान हाताच्या व्यक्तीला तो पिसता येत नाही आणि पिसता येत नसलेला संच हळूहळू बाजूला पडतो. घरी जुन्या पुठ्ठ्याचे या मापाचे तुकडे कापून हातात धरून पाहावे. अवघड वाटल्यास त्याच चित्रांची लहान आकाराची आवृत्ती घ्यावी. मात्र खिशात मावणाऱ्या अगदी छोट्या आवृत्तीत तपशील दिसत नाहीत, म्हणून पहिल्या संचासाठी ती टाळावी. पानांची पाठ दोन्ही बाजूंनी सारखी असावी. पाठीवरच्या नक्षीला वर-खाली असेल, तर पान उलटे येणार की सुलटे हे उचलण्यापूर्वीच कळते, आणि पुढे उलट्या पानांचा, म्हणजे डोके खाली आलेल्या पानाचा वेगळा अर्थ लावण्याचा, अभ्यास करायचा झाल्यास ते अडचणीचे होते.

कागदाबाबत पुण्याच्या हवेचा विचार केल्यावाचून गत्यंतर नाही. जून ते सप्टेंबर या महिन्यांत पापड सादळतात तशी पानेही सादळतात. कागद ओल शोषतो, वरचा प्लास्टिकचा थर शोषत नाही, आणि दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहिला नाही की पान बाक घेते. फार चकचकीत पाने या दिवसांत एकमेकांना चिकटतात आणि पिसताना दोन-दोन पाने एकत्र येतात. मंद, चमक नसलेल्या किंवा कापडासारखा पोत असलेल्या पृष्ठभागाची पाने अधिक मोकळी सरकतात आणि ट्यूबलाइटखाली त्यांवर झगझगाटही येत नाही. सोनेरी कडांची पाने सुरुवातीला कडांना चिकटलेली असतात, ती एकेक करून हलक्या हाताने सोडवावी लागतात. संच बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवावा. लक्ष्मी रस्त्यावरून आणलेल्या खणाच्या तुकड्याची पिशवी शिवून त्यात पाने ठेवली की कोपरेही दुमडत नाहीत. माझ्या पिशवीला आईच्या जुन्या खणाचे कापड आहे आणि ती उघडताना मन आपोआप स्थिर होते.

खरेदी कुठे करावी, हा प्रश्न पुण्यात नेहमी विचारला जातो. अप्पा बळवंत चौकात क्रमिक आणि मराठी पुस्तकांची रेलचेल आहे, पण टॅरोसाठी डेक्कन, फर्ग्युसन रस्ता आणि कॅम्प या भागांतली इंग्रजी पुस्तकांची मोठी दुकाने किंवा कोरेगाव पार्ककडची स्फटिक आणि धूप विकणारी दुकाने धुंडाळावीत. पेट्या सीलबंद असतात, तरी नमुन्यादाखल उघडलेला संच आहे का, हे विचारायला संकोच करू नये. नसेल तर त्या संचाची सर्व ७८ पाने एकेक करून दाखवणारी चित्रफीत इंटरनेटवर शोधावी आणि पाच पानांची परीक्षा तिथेच घ्यावी. ओळखीत कोणी टॅरो वाचत असेल, तर तासभर त्यांचा संच हाताळू देण्याची विनंती करणे हा सर्वांत चांगला मार्ग. काही जण आपला संच दुसऱ्याच्या हाती देत नाहीत, त्यांच्या भावनेचा मान राखावा.

ऑनलाइन घेताना नकली संचांपासून फार सावध राहावे. जो आयात संच इतरत्र चार आकडी किमतीला मिळतो, तोच दोन-तीनशे रुपयांत दिसला, तर तो बहुधा कोणा चित्रकाराच्या कामाची चोरून केलेली छपाई असते. अशा संचात छापील पुस्तिकेऐवजी मोबाइलने वाचायचा चौकोनी कोड असतो, पाने मूळ मापापेक्षा लहान असतात, कडेची अक्षरे कापलेली किंवा अंधूक असतात, आणि पेटीवर प्रकाशकाचे नाव नसते. हयात चित्रकारांच्या संचाबाबत हे केवळ गुणवत्तेपुरते राहत नाही. वर्षानुवर्षे बसून ७८ चित्रे काढणाऱ्या माणसाच्या हाती त्यातून एक रुपयाही जात नाही, आणि मला ते फार खुपते. पैसे मर्यादित असतील, तर मूळ रायडर-वेट-स्मिथ चित्रांची प्रकाशकाचे नाव असलेली स्वस्त भारतीय छपाई घ्यावी. तिचा कागद थोडा हलका असला तरी व्यवहार सरळ असतो आणि शिकण्यात काहीही उणे पडत नाही.

पहिला संच स्वतः विकत घ्यायचा नसतो, तो भेट म्हणूनच मिळावा लागतो, असे अनेकांनी ऐकलेले असते. या समजुतीला टॅरोच्या इतिहासात कोणताही आधार नाही, आणि भेट मिळण्याची वाट पाहण्यात लोकांची वर्षे गेलेली मी पाहिली आहेत. शिवाय भेट देणारा पुन्हा पेटीवरचे चित्रच पाहणार. वापरलेला संच घेण्यातही काही वावगे नाही. मात्र पाने पूर्ण आहेत का आणि एखाद्या पानाच्या पाठीला खूण तर पडलेली नाही ना, हे पाहावे.

घरातल्या मोठ्यांच्या नजरेचाही थोडा विचार करावा. ‘डेथ’, ‘द डेव्हिल’ आणि ‘द टॉवर’ ही पाने पाहून एखादी आजी घाबरण्याची शक्यता असते, आणि काही संचांत ती मुद्दाम भेसूर काढलेली असतात. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या शिकाऊ व्यक्तीने ही तीन पाने खरेदीपूर्वी पाहून ठेवावीत. स्मिथ यांच्या ‘डेथ’ पानावर घोड्यावरच्या सांगाड्यापलीकडे दोन मनोऱ्यांच्या मध्ये सूर्य दिसतो. तो दाखवून पान समजावून सांगता येते, आणि ते पान प्रत्यक्ष मृत्यूचे भाकीत म्हणून वाचले जात नाही हेही सांगता येते. आजारपण, औषधोपचार किंवा कर्ज यांचे निर्णय पानांवर सोपवायचे नाहीत, हे पहिल्या दिवसापासून स्वतःला आणि घरच्यांना स्पष्ट सांगितले की घरातला विरोधही पुष्कळ निवळतो.

संच घरी आल्यावर त्याच दिवशी चारही प्रकार वेगवेगळे लावून पाने मोजावीत: चार गठ्ठे प्रत्येकी चौदा पानांचे आणि एक गठ्ठा बावीस पानांचा. बहुतेक प्रकाशक दोन जादा पाने जाहिरातीची किंवा कोरी देतात, ती मोजणीत धरू नयेत. एखादे पान दोनदा आलेले असणे आणि दुसरे गहाळ असणे हे छपाईत घडते, आणि ते महिन्याभराने लक्षात आले तर बदलून मिळत नाही. म्हणून मोजणी पूर्ण होईपर्यंत पेटीचे प्लास्टिक आणि बिल टाकून देऊ नये.